सर्व्हरचा सातबारा

आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवरून संस्थापक अध्यक्षांचं नाव एका विद्यार्थिनीने भर परीक्षेत, बाह्य परीक्षकांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं, आणि त्याबद्दल विद्यापीठाने तिला उत्तम गुण दिले.

असं काहीही घडलेलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्या दिवसापुढे 'सर्व्हरची नियमित देखभाल, मा. आबासाहेबांच्या शुभहस्ते' असं छापलेलं आहे, आणि छापलेल्या गोष्टीला नाही म्हणणारा मी कोण? तेव्हा जे घडलंच नाही ते जसंच्या तसं सांगतो.

"ह्यो रूट कोण?" आबासाहेबांनी विचारलं.

ते माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि त्यांच्यामागे प्राचार्य गवंडे सर, हातात डायरी घेऊन. दोन दिवसांनी मूल्यांकन समिती येणार होती, म्हणून संस्थापक अध्यक्ष आबासाहेब हिरगुडे स्वतः एकेक खोली बघत फिरत होते. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, कंत्राटी लॅब असिस्टंट. म्हणजे शिकवायचो मी आणि सही विभागप्रमुख करायचे; विभागप्रमुखांची जागा रिकामी असल्यामुळे सही कोणीच करत नसे. माझ्या स्क्रीनवर सर्व्हरवरच्या फाइलींची यादी होती आणि प्रत्येक ओळीत मालकाच्या जागी एकच नाव होतं. रूट, रूट, रूट, रूट.

"कर्मचारी नाही तो, आबासाहेब. हा सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतो, त्यात एक मुख्य वापरकर्ता असतो, त्याचं नाव."

"पगारपत्रकावर हाय का?"

"नाही."

"मग पगार कोण देतं त्येला?"

"कोणीच नाही."

आबासाहेब मागे वळले. "गवंडे, बिनपगारी माणूस एवढ्या फायली संभाळतोय. म्हंजी दुसरीकडनं खातोय."

प्राचार्यांनी डायरीत लिहून घेतलं.

इथे आबासाहेबांची एक सवय सांगायला हवी. कॉलेजातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचं नाव होतं. बाकांवर होतं, पाण्याच्या टाकीवर होतं, मुतारीच्या फरशीवर होतं, आणि सगळ्या पंख्यांच्या सगळ्या पात्यांवर लाल रंगात होतं. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, म्हणून बाहेरचे पाहुणे आले की पंखे बंद करायचा नियम होता. पाहुणे घामाने निथळत वर बघायचे आणि वाचायचे: 'आबासाहेब हिरगुडे यांजकडून सप्रेम'. लिनक्सही कॉलेजात आलं ते फुकट मिळतं म्हणून, आणि आल्या दिवसापासून त्याच्यावर नाव कुठे रंगवायचं हा प्रश्न आबासाहेबांना सुटला नव्हता.

तो मी सोडवून दिला. सोपं करून शिकवायची सवय, दुसरं काय.

"हे सातबाऱ्यासारखं आहे बघा," मी म्हटलं. "प्रत्येक फाइल कोणाच्या तरी नावावर असते. मालक कोण, वाचायची परवानगी कोणाला, बदलायची कोणाला, सगळं या एका ओळीत येतं."

सातबारा म्हटल्यावर आबासाहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते वर्धापनदिनालासुद्धा येत नसे.

"म्हंजी माझ्या कॉलेजात, माझ्या टेबलावर ठिवलेल्या मशिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर हाय?"

"तसं नाही, म्हणजे..."

"हाय का न्हाई?"

"आहे."

"चढव माझं नाव."

"चढवलं तर सर्व्हर कोणालाच आत घेणार नाही, आबासाहेब. आणि उद्या फरझानाची प्रॅक्टिकल परीक्षा आहे याच्यावर."

"कोण फरझाना?"

"मी," कोपऱ्यातल्या मशीनमागून आवाज आला.

फरझाना शिकलगार ही आमच्या जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची उरलेली विद्यार्थिनी. बाकी सगळे पास होऊन गेले होते; हिचा एकच विषय अडकला होता, लिनक्स प्रशासन, आणि त्यातलंही फक्त प्रॅक्टिकल. उद्याची संधी गेली की जुना अभ्यासक्रम बंद, आणि हिला नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून सुरुवात. पुण्यातल्या एका हॉस्पिटलने नोकरी कबूल केली होती, पण निकाल दाखवल्यावर. वडिलांचं बाजारपेठेत कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं. पोरीची जीभ तिथूनच आली असावी.

"गेल्या खेपेला तुम्ही जनरेटरचं उद्घाटन केलं होतं, आबासाहेब," ती उभी राहून म्हणाली. "अंधारात जनरेटर उठून दिसावा म्हणून मेन स्विच काढला होता. तेव्हा माझाच पेपर चालू होता."

"मग? जनरेटर चालला का न्हाई?"

"चालला की. तुमचं भाषण संपल्यावर."

आबासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझं कंत्राट कधी संपतंय रे, लिनक्स?"

मला ते लिनक्सच म्हणायचे.

"या महिन्यात."

"मग चढव नाव."

मी खुर्चीवरून उठलो. "मी टाइप करणार नाही," म्हणालो, आणि की-बोर्डची वायर उपटून, गुंडाळून, की-बोर्डसकट काखेत घेतली. आयुष्यातलं माझं पहिलं बंड. ते अर्धा मिनिट टिकलं. प्राचार्यांनी शेजारच्या मशीनचा की-बोर्ड आणला. अनुदानातून आलेले की-बोर्ड आमच्याकडे मुबलक होते.

प्रश्न उरला तो कमांडचा. ती प्राचार्यांना कुठून ठाऊक असणार? पण फळ्यावर ती होती. आदल्या आठवड्यात मीच मोठ्या अक्षरांत लिहिली होती: मुळापासून शेंड्यापर्यंत सगळ्या फाइलींचा मालक एका दमात बदलणारी कमांड. खाली लाल खडूने लिहिलं होतं, 'हे कधीही करू नये'. प्राचार्यांनी आधी ती लाल ओळ पुसून घेतली, कारण समितीसमोर नकारात्मक वाक्य नको. मग वरची ओळ बघून बघून एका बोटाने टाइप केली. आबासाहेबांचं खातं सर्व्हरवर आधीपासून होतं. मागे त्यांच्या वाढदिवशी उघडलेलं, पासवर्डचा लिफाफा अजून चिकटवलेलाच.

"गवंडे, असं कोरडं नगं," आबासाहेब म्हणाले.

मग नारळ आला, हळदकुंकू आलं, झेंडूचा हार आला. शिपायाने सर्व्हरच्या डब्याला हार घातला, फोटो काढणाऱ्याने 'थोडं इकडे बघा' म्हटलं, आणि आबासाहेबांनी दरवाजाची फीत कापावी तसं एंटर दाबलं.

टाळ्या वाजल्या. मला आणि फरझानाला सोडून सगळ्यांनी वाजवल्या, म्हणजे आबासाहेब धरून चौघांनी.

काही वेळाने यादी पुन्हा उघडली तर प्रत्येक ओळीत आबासाहेब. आबासाहेब, आबासाहेब, आबासाहेब. त्यांनी खुर्ची ओढून ती यादी खालपर्यंत वाचली. मग लिफाफा फोडवून दुसऱ्या मशीनवरून स्वतःच्या खात्यात शिरायला गेले. सर्व्हरने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"मला बी घेत न्हाई?"

"कोणालाच घेत नाही आता," मी म्हणालो.

आबासाहेबांनी विचार केला. "मग बरुबर हाय. मला न्हाई तर कुणालाच न्हाई."

जाता जाता प्राचार्यांनी, हार कोमेजू नये म्हणून, सर्व्हर बटणावरून बंद केला. रूटच्या नावाने उघडी असलेली शेवटची खिडकी त्या बटणाबरोबर मिटली. मग लॅबला कुलूप घातलं, किल्ली आबासाहेबांच्या खिशात गेली, आणि मला सांगण्यात आलं की अध्यक्षांच्या मिळकतीत कोणी ढवळाढवळ केली तर पोलिसात तक्रार होईल.

व्हरांड्यात फरझाना म्हणाली, "सर, परत नीट होतं?"

"होतं. आत तर जाऊ दिलं पाहिजे."

"उद्या परीक्षेला कुलूप काढतीलच."

"आणि परीक्षक काय म्हणतील? बंद सर्व्हरवर परीक्षा कशी घ्यायची?"

"ते त्यांना विचारू." तिने दप्तर खांद्याला लावलं. "अब्बा म्हणतात, धार गेली म्हणून कात्री कोणी फेकत नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, पहिल्या वर्षाला परत बसणार नाही. आबासाहेबांच्या नावाच्या बाकावर तर नाहीच नाही."

दुसऱ्या दिवशी बाह्य परीक्षक आल्या. टेंगशे मॅडम. साऱ्या विद्यापीठात त्यांचा दरारा होता. बाहेरच्या परीक्षकासाठी कॉलेजात जे खास जेवण करतात त्याला त्या हात लावत नसत, स्वतःचा डबा आणायच्या. लॅबमध्ये शिरल्या, हार घातलेल्या, कुंकू लावलेल्या सर्व्हरसमोर थांबल्या.

"वारला का हा?"

"नाही मॅडम," प्राचार्य म्हणाले. "उद्घाटन झालं."

"परिणाम तोच दिसतोय."

मी काय झालं ते सांगायला लागलो तर प्राचार्यांनी मध्येच तोंड घातलं. तांत्रिक बिघाड, समितीची गडबड, मॅडमनी जेवून घ्यावं, विद्यार्थिनीला गैरहजर दाखवू, पुढच्या सत्रात बघू.

"मी इथे उभी आहे," फरझाना म्हणाली. "गैरहजर कशी?"

मॅडमनी चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. "पुढचं सत्र आहे का तुला?"

"नाही."

"सर्व्हर चालू करा."

मी केला. लॅबमधल्या कुठल्याच मशीनवरून तो आत घेईना. सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर माझ्या खात्याने कसाबसा शिरलो, पण रूटचा अधिकार मागितल्यावर त्याने सरळ नकार दिला. मॅडमनी पर्समधून प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा सीलबंद लिफाफा काढला, उलटसुलट केला आणि न फोडता परत ठेवला.

"साधनं बिघडलेली असतील तर उपलब्ध साधनांवर पर्यायी प्रश्न काढायचा अधिकार बाह्य परीक्षकाला असतो," त्या म्हणाल्या. "गवंडे, कागद द्या."

त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "प्रस्तुत सर्व्हरवर लॅबमधून एकाही वापरकर्त्यास लॉगिन करता येत नाही. कारण शोधून दुरुस्त करा. वेळ तीन तास. लॅब असिस्टंटने फक्त पाणी द्यावे."

"पण मॅडम," प्राचार्यांचा आवाज बारीक झाला, "दुरुस्त करायचं म्हणजे आबासाहेबांचं नाव..."

"पेपर सुरू झालाय."

प्राचार्य गेले, जवळजवळ पळतच.

फरझाना सर्व्हरपुढे बसली. आधी हार काढून बाजूच्या टेबलावर ठेवला. मग यंत्र बंद करून चालू केलं आणि सुरू होता होता मेनूवरच थांबवलं. तिथे एक शब्द जोडला की यंत्र पूर्ण उठत नाही. पासवर्ड न विचारता एकट्या रूटला जागं करतं. दुरुस्तीसाठी ठेवलेला तो मागचा दरवाजा. सर्व्हरपुढे प्रत्यक्ष बसलेल्या माणसालाच तो उघडता येतो. ती आत उतरली. मी पाणी नेऊन दिलं. अधिकार तेवढाच होता.

तिने मालक बदलायची कमांड लिहिली, तीच फळ्यावरची, फक्त आबासाहेबांच्या जागी रूट. बोट एंटरवर नेलं आणि दार धाडकन उघडलं.

"थांब पोरी!"

आबासाहेब आत आले. मागून प्राचार्य, धापा टाकत.

"साहेब, परीक्षा चालू आहे. बाहेर थांबा," मॅडम जागेवरून न उठता म्हणाल्या.

"ह्ये कॉलेज माझं हाय."

"कॉलेज तुमचं. हे तीन तास विद्यापीठाचे."

"ती माझं नाव काढतीय!"

"ते तिचं उत्तर आहे. परीक्षार्थीच्या उत्तराला कोणी हात लावला तर मला कॉपी केस करावी लागते. तुमच्या नावाने करू? स्पेलिंग सांगा."

आबासाहेबांनी प्राचार्यांकडे बघितलं. मग वेगळ्या आवाजात म्हणाले, "प्रश्न बदला की मग. दुसरा काढा."

"तुम्हीच काढलाय साहेब, मी फक्त लिहून घेतला. चांगला आहे. इतका अवघड प्रश्न माझ्या हाताखाली अजून कोणी काढला नव्हता."

फरझाना वळली. "आबासाहेब, काल तुम्हालासुद्धा आत घेतलं नाही ना? का ते सांगू?"

"सांग."

"दारावर एक नोकर असतो. येणाऱ्याचं नाव विचारतो, पासवर्ड बघतो, आत सोडतो. तो दार उघडताना आधी बघतो, की माझ्या किल्ल्या, माझी जागा रूटच्याच ताब्यात आहेत ना? दुसऱ्या कोणाचं नाव दिसलं की तो म्हणतो, घरात कोणीतरी घुसलंय, आणि दारच लावून घेतो. मग मालक आला तरी बाहेर."

"म्हंजी मी घुसलोय?"

"सर्व्हर तसं म्हणतोय."

"आणि तू काय म्हंतीस?"

मला वाटलं आता ही जरा जपून बोलेल. समोर संस्थेचा अध्यक्ष, मागे पहिलं वर्ष.

"मीही तेच म्हणते," ती म्हणाली आणि एंटर दाबलं.

आबासाहेब खाली बसले, दाराजवळच्या बाकावर, स्वतःच्या नावावर. मॅडमनी त्यांना बाहेर काढलं नाही. वर पंखा बंद होता, तो लावायला मला सांगितलं. मी लावला.

पुढचं काम किचकट आणि बघायला कंटाळवाणं होतं. सगळं रूटच्या नावावर गेल्यावर ज्याचं त्याला परत द्यायचं होतं. मुलांची घरं, म्हणजे त्यांचे फोल्डर, मुलांना, छपाईच्या फाइली छपाईच्या खात्याला. काय कोणाचं होतं हे लक्षात कसं राहणार? पण सर्व्हरवर बसवलेल्या प्रत्येक पॅकेजकडे, म्हणजे प्रोग्रामकडे, आपापल्या फाइलींची मूळ नोंद असते, ती विचारून विचारून फरझाना पुढे चालली होती. ओठ हलत होते. मग यंत्र नेहमीसारखं सुरू केलं, माझ्या खात्यातून शिरायला मला बोलावलं. शिरलो. रूटचा अधिकार मागितला.

नकार.

तिने पुन्हा मालक तपासला. रूटच होता. पुन्हा मागितला. पुन्हा नकार. वेळ संपत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी पाण्याच्या ग्लासाकडे. मला उत्तर ठाऊक होतं आणि माझी नोकरी पाण्याची होती.

वर्गात मी तिला एकच गोष्ट सारखी सांगायचो: एरर शेवटपर्यंत वाच. ती नेहमी निम्मी वाचून कामाला लागायची. मी ग्लास भरला, काठोकाठ भरला, आणि अगदी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

"लॅब असिस्टंट," मॅडम म्हणाल्या, "पाणी द्यायचंय, प्यायचं नाही."

"चुकलो मॅडम."

फरझाना पडद्याकडे वळली आणि या वेळी मोठ्याने, एकेक शब्द वाचायला लागली. ही फाइल रूटच्या मालकीची असली पाहिजे... "आणि," ती म्हणाली. "आणि! आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट लागलेला असला पाहिजे." मालक बदलला की मालकाचा अधिकार उसना देणारा तो बिट गळून पडतो, मालक परत आला तरी तो आपणहून परत येत नाही. तिच्या त्या तपासणीत मालकी दुरुस्त झाली होती, परवानग्या राहिल्या होत्या. तिने त्याही दुरुस्त केल्या.

मग उठली, कोपऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या मशीनवर जाऊन बसली, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. सर्व्हरने तिला आत घेतलं.

मॅडम आल्या, तिला उठवलं, माझ्या खात्यातून शिरल्या आणि फरझानाची फाइल उघडायला गेल्या. पडद्यावर उमटलं: परमिशन डिनाइड. मग प्राचार्यांच्या खात्यातून. परमिशन डिनाइड. मग त्यांनी आबासाहेबांना बोलावलं, लिफाफ्यातला पासवर्ड त्यांच्याच हाताने टाकायला लावला. आबासाहेब आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात शिरले. "हां," म्हणाले. "आता ती हिची फाइल उघडा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी उघडायला घेतली.

परमिशन डिनाइड.

टेंगशे मॅडम हसल्याचं कोणी पाहिलेलं नाही असं म्हणतात. मी पाहिलंय.

"छान," त्या म्हणाल्या. "नकार व्यवस्थित आहे."

आबासाहेब बराच वेळ यादी बघत बसले. रूट, रूट, रूट, मध्येच फरझाना, मध्येच मी, आणि अगदी वरच्या बाजूला, त्यांच्या एका रिकाम्या खात्यापुढे, एकदाच, आबासाहेब.

"तुझ्या नावावर किती फायली झाल्या, पोरी?"

"होत्या तेवढ्याच," फरझाना म्हणाली आणि दप्तर उचललं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. पंखे बंद होते. सर्व्हरबद्दल कोणी काही विचारलं नाही. महिनाअखेरीला माझं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारणाच्या रकान्यात 'संस्थेचा की-बोर्ड काखेत घेणे' असं होतं, आणि ते खरं असल्यामुळे मी खाली सही करून दिली. फरझाना पुण्याला गेली. अजून तिथेच आहे, त्या हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर तीच सांभाळते. मध्यंतरी फोनवर सांगत होती की तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या पेशंटांच्या फाइली आपल्याला उघडता आल्या पाहिजेत म्हणून आदळआपट केली. "मग?" मी विचारलं. "मग काय सर," ती म्हणाली, "नकार व्यवस्थित आहे."

गेल्या आठवड्यात मला कॉलेजकडून रौप्यमहोत्सवाचं पत्र आलं. माजी विद्यार्थी व माजी कर्मचाऱ्यांनी संस्थेस यथाशक्ती वस्तुरूपाने भेट द्यावी, दात्याच्या इच्छेनुसार वस्तूवर नाव रंगवण्यात येईल. खाली आबासाहेबांची सही. हात आता थरथरतो त्यांचा, पण सही तेवढीच मोठी. मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं:

मा. संस्थापक अध्यक्ष यांस सविनय सादर. अर्जदार, माजी कंत्राटी लॅब असिस्टंट, संस्थेस छताचा एक पंखा देऊ इच्छितो. तरी सदर पंखा लिनक्स प्रयोगशाळेत कोपऱ्यातील मशीनच्या बरोबर वर बसवण्यात यावा. त्याच्या सर्व पात्यांवर 'फरझाना शिकलगार' एवढेच नाव लाल रंगात रंगवण्यात यावे. आणि कोणतीही समिती, पाहुणे अथवा स्वतः अध्यक्ष प्रयोगशाळेत आले तरी पंखा बंद करण्यात येऊ नये. पंखा चालू असताना नाव वाचता येणार नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून त्यास त्याची हरकत नाही. मंजुरी मिळावी, ही विनंती.